पट क्रमांक एकशे सदतीस

कागद परदेशी.
खाली लॅटिन नाव, तिरक्या घोटीव अक्षरांत,
त्याखाली कानडीत कौल,
आणि पार काठाला, चौकटीबाहेर सांडलेल्या मोडीत
कुंभा.
एका देठाला तीन नावं
आणि देठ अजून मोडलेला नाही.

माझ्याकडे आहे ती नुसती रंगीत प्रत,
खडेबाजारात काढून घेतलेली,
खानापूरच्या शाळेत ड्रॉइंगच्या तासाला
फळ्यावर चिकटवतो, पंख्यानं उडते.
यादीत लिहिलंय : चित्रकार अज्ञात, एतद्देशीय.
पुढे बारीक टाइपात :
केसर पिवळे दाखवले आहेत, वास्तविक पांढरे,
मुळाशी गुलाबी. चूक.

चूक?
पाकळीची शीर न् शीर बरोबर,
कळीवरची लव बरोबर,
मुंगीनं कुरतडलेलं पानसुद्धा कुरतडलेलंच,
आणि शेवटी हा माणूस
पांढरा विसरला?

पत्र पाठवून पाठीमागची बाजू मागवली.
गुंजीच्या मष्णूअण्णांनी, जुने तलाठी ते,
चष्मा कपाळावर सरकवून मोडी वाचली.
म्हणाले, हिशेब आहे की हो मास्तर, दुसरं काय नाही.

*तेल, पावशेर.*
*शंखाची सफेदी, दोन तोळे. वापरली नाही, परत.*
*निंगव्वास, कळ्यांची खबर दिली म्हणोन, एक चवली.*
*रात्री जागलो, तीन.*
*फूल उजाडता झडते. साहेब उजाडल्यावर उठतात.*
*सबब दिव्यात काढिले.*
*रवळू चितारी, हस्ते खुद्द.*

अण्णांनी कागद घडी करून परत दिला.
चहा आला. बराच वेळ आम्ही चहाच प्यालो.

साहेबाला हवी होती साल.
कुंभ्याच्या सालीची जामगी वळतात,
तोड्याच्या बंदुकीला ती रात्रभर धुमसत राहते,
कुणाच्या बंदुकीला, हे त्याला कळायला हवं होतं.
साल आहे चित्रात. खाली, डावीकडे,
नखाएवढी.
बाकी सगळा कागद फुलानं घेतलाय.

मला दिसतो तो, कणकुंबीच्या वाटेवर,
गणपतीचे डोळे उघडणारा हात,
खारीच्या शेपटीचे चार केस कुंचल्याला,
एका श्वासात एक केसर,
श्वास सोडताना हात वर.
निंगव्वा कंदील धरून उभी.
बाळंतिणींसाठी वाकुंभा वेचणारी ती,
कुठली कळी आज फुटेल हे बोटानं सांगते,
आणि मोजते, सात विसा, आठ विसा,
मग कंटाळून म्हणते, पुरे की आता.
यादीत लॅटिन शब्द आहे तिथं. असंख्य, अशा अर्थाचा.
निंगव्वाचं मोजणं कुठंच नाही.

यंदा फाल्गुनात
हलगेकरांच्या रेणुकाला घेऊन गेलो,
तिचे वडील टॉर्च घेऊन मागे, अस्वलाच्या भीतीनं
मोठ्यानं खोकत.
झाडाला पान नव्हतं.
फांदीच्या टोकाला एक कळी सैल झाली,
केसर बाहेर आले, आधी चुरगळलेले,
मग झाडणीसारखे ताठ.
वास बरा नाही हो सर, रेणुका म्हणाली,
आणि चित्र काढायला बसली.

मोबाइलच्या उजेडात काढलं तिनं.
केसर निळसर आलेत.
मी दुरुस्त केले नाहीत.

पहाटे टप्प असा आवाज झाला,
मग पुन्हा,
वहीवर, तिच्या वेणीवर, वडिलांच्या टोपीवर
अख्खी चक्रंच्या चक्रं गळत राहिली.
आधी नाव घाल, म्हटलं, खाली कोपऱ्यात.
तिनं पेन्सिल उचलली, आणि थांबली :
कुठल्या लिपीत, सर?